पाचवे पिलू

कुत्रा या प्राण्याविषयी मला कधीच विशेष प्रेम वाटलेले नाही. लहानपणी आमच्या वाड्याच्या दाराशी एक लंगडे कुत्रे बसलेले असे. शाळेतून येताना त्याला लांबून वळसा घालून आत शिरायचे, एवढाच माझा श्वानकुळाशी संबंध. पुढे लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. तिथे दोन खोल्यांत सासूबाई, दीर, आम्ही दोघे आणि मागाहून आमचे चिरंजीव. माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, तिथे कुत्र्याला कुठून असणार! असे असताना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी सलग पाच महिने रोज रात्री कुत्र्याच्या पाच पिलांबरोबर काढले, असे सांगितले तर माझ्या मैत्रिणी म्हणतील, ‘हिला अमेरिकेचे पाणी बाधले!’

पण ही पिले पुस्तकातली होती. न भुंकणारी, न चावणारी, आणि बरोबर आठ वाजता झोपी जाणारी.

त्याचे असे झाले. २०२४ च्या मे महिन्यात मी चिरंजीवांकडे न्यू जर्सीला गेले. चिरंजीव नि सूनबाई दोघेही नोकरीवर जाणारी, आणि चार वर्षांची नात. तिला आपण छकुली म्हणू. दिवसभर तिची शाळा असे, पण रात्रीची तिला निजवण्याची कामगिरी मी हौसेने मागून घेतली. मला वाटले, यात काय अवघड आहे? आमच्या घरी मूल निजवायला कधी खास वेळ लागली नाही. ते खेळता खेळता कुणाच्या तरी मांडीवर लवंडायचे, नि जाता-येता कुणीतरी त्याला उचलून अंथरुणावर ठेवायचे. वेळ मिळाला तर काऊ-चिऊची गोष्ट. ती सांगायला दिवाही लागत नसे.

तिकडे मात्र निजण्याला आगगाडीसारखे वेळापत्रक! साडेसहाला जेवण, सात वाजता आंघोळ, साडेसातला दात घासणे, मग एक पुस्तक, नि आठला दिवा बंद. पुस्तक छकुलीने निवडायचे नि मी वाचायचे. पहिल्याच रात्री तिने कपाटाशी जाऊन, इतर पन्नास पुस्तकांकडे ढुंकूनही न पाहता, एक पातळसे पुस्तक ओढून काढले नि माझ्या मांडीवर टाकले. जाड पुठ्ठ्याचे वेष्टन, कडेला सोनेरी पट्टी, आत अवघी चोवीस पाने. वेष्टनावर पांढरे-तपकिरी, गुबगुबीत कुत्र्याचे पिलू. नाव, ‘द पोकी लिटल पपी’. आतल्या बाजूला, हे पुस्तक कुणाचे ते लिहायला एक रेघ आखलेली होती, नि त्या रेघेवर छकुलीने आपल्या नावाची चार वाकडी अक्षरे रेघेबाहेर जाईतो कोरली होती.

पुढले पाच महिने तिने दुसरे पुस्तक फारसे काढलेच नाही.

गोष्ट अगदी साधी आहे. पाच पिले कुंपणाखाली भोक पाडून जग पाहायला बाहेर पडतात. पूल ओलांडून, गवत तुडवून टेकडीवर पोचतात नि आपापसांत मोजून पाहतात, तर चारच! पाचवे मागे राहिलेले. ते टेकडीच्या पायथ्याशी जमिनीला नाक लावून हुंगत असते. इतक्यात घरी भाताची खीर झाल्याची चाहूल लागते. चौघे धूम ठोकून घरी येतात, तर आई रागावलेली. कुंपणाखाली भोके पाडणाऱ्यांना खीर नाही! चौघे निमूट उपाशी झोपतात. पाचवे पिलू आपल्या चालीने, सगळी निजानीज झाल्यावर घरी येते. भांड्यात खीर तशीच. ते सगळी खीर फस्त करते नि समाधानाने अंथरुणात शिरते. दुसऱ्या दिवशी तीच तऱ्हा, फक्त खिरीच्या जागी चॉकलेटचे कस्टर्ड. तिसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरीचा केक असतो. पण या खेपेस ते चौघे शहाणे झालेले असतात. ते रात्री उठून कुंपणाखालचे भोक बुजवतात, आईची मर्जी संपादन करतात नि केक मिळवतात. पाचवे पिलू येऊन बघते, तर शेवटचा कणसुद्धा संपलेला.

आता सांगा, यात मुलाने चोवीसदा ऐकावे असे काय आहे? तात्पर्य म्हणावे, तर तेही धड नाही. तीनपैकी दोन रात्री ज्याने आईचे ऐकले नाही नि वर उशीरही केला, त्यालाच खीर! बिचारी वेळेवर येणारी पिले उपाशी! शिक्षा होते ती तिसऱ्या रात्री. आणि आमची छकुली बहुधा दुसऱ्या कस्टर्डपाशीच झोपून जाई. त्यामुळे तिच्या हिशेबी कितीतरी रात्री ती शिक्षा घडलीच नाही.

मला मात्र पहिल्याच शब्दाशी अडायला झाले. सूनबाईंनी मला बजावले होते, ‘आई, तुम्ही तिच्याशी मराठीतच बोला. इंग्रजी तिला दिवसभर पुरे होतं.’ म्हणून मी पुस्तक मनात वाचून मराठीत सांगत असे. आता या ‘पोकी’ला मराठीत काय म्हणायचे? पहिल्या रात्री मी म्हटले, ‘एक होतं आळशी पिलू.’

छकुलीने लगेच मला थांबवले. ‘आळशी मंजे?’

‘म्हणजे जे कामच करत नाही. नुसतं लोळतं.’

तिने चित्रावर बोट ठेवले. ‘पण ते लोळत नाही. ते बघतंय.’

खरेच की! पिलू लोळत नव्हते. खाली नाक लावून, कान टवकारून, ते काहीतरी निरखत होते. मग मी ‘मंद’ म्हणून पाहिले. तेही बसेना. जे पिलू इतर चौघांच्या आधी खिरीचा सुगावा लावते, ते मंद कसे? शेवटी ‘रेंगाळ्या’ हे नाव ठरले. छकुलीला तो शब्द फार आवडला. ‘रेंगाऽऽळ्या’ असा लांबवून म्हणताना शब्दच रेंगाळतो, नाही का?

पुढे एका रात्री माझ्या लक्षात आले की, मराठीत याच क्रियेला आणखी एक शब्द आहे. रमणे. टेकडीखाली पाचवे पिलू रेंगाळते असे म्हणा, की रमते असे म्हणा, पिलू करते ते एकच. फरक एवढाच, की रेंगाळतो तो दारात वाट पाहणाऱ्या आईच्या हिशेबाने, नि रमतो तो स्वतःच्या हिशेबाने. आपल्या ससा-कासवाच्या गोष्टीतले कासवही सावकाश चालते; पण ते रमत नाही. वाटेत काय काय दिसले, असे कासवाला कुणी विचारलेच, तर बिचाऱ्याला काही सांगता येणार नाही.

पुस्तकाच्या आतल्या पानावर छापलेले साल पाहून मी चकित झाले. १९४२! म्हणजे माझ्या जन्माच्या आधी चौदा वर्षे. मला वाटत होते, हे अलीकडचे काहीतरी खूळ असेल. मग मी चिरंजीवांच्या मागे लागून चौकशी केली. अमेरिका युद्धात उतरून वर्षही झाले नव्हते, तेव्हा ‘लिटल गोल्डन बुक्स’ नावाची ही माला निघाली. पहिल्या खेपेला बारा पुस्तके, त्यांतलेच हे एक. किंमत पंचवीस सेंट, म्हणजे पाव डॉलर. त्या वेळी मुलांची चांगली रंगीत पुस्तके दोन-दोन डॉलरना मिळत, ती सुखवस्तू घरांतच जायची. यांनी युक्ती अशी केली की, एकाच वेळी ढिगाने प्रती छापायच्या, म्हणजे दर प्रतीचा खर्च उतरतो. नि नुसत्या पुस्तकांच्या दुकानात न ठेवता, जिथे बायका साबण नि औषधे घ्यायला जातात तिथे मांडून ठेवायच्या. पाच महिन्यांत बारा पुस्तकांच्या मिळून पंधरा लाख प्रती खपल्या. आणि हे रेंगाळणारे पिलू शर्यतीत सगळ्यांच्या पुढे गेले! २००१ साली तिकडच्या एका नामांकित व्यापारी साप्ताहिकाने मुलांच्या पक्क्या बांधणीच्या पुस्तकांची आजवरच्या खपाची यादी केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर हेच पुस्तक होते. खप सुमारे १ कोटी ४९ लाख प्रती!

लिहिणाऱ्या बाई जॅनेट सेब्रिंग लोरी या टेक्सासकडच्या. त्यांनी मोठ्या मुलांसाठीही लिहिले, पण नाव राहिले ते या पिलामुळे. १९८६ साली त्या वारल्या. चित्रे काढणारे गुस्ताफ टेन्ग्रेन हे मूळचे स्वीडनचे. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’च्या बोलपटासाठीही त्यांनी काम केले होते. त्यांची कमाल अशी की, पाच पिले एकाच वळणाची, पण नीट पाहिले तर प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके निराळे. छकुली ते बोटाने दाखवी. मला चष्मा लावूनही ओळखता येत नसे.

माझ्या लहानपणी घरात चित्रांचे म्हणून येत असे ते ‘चांदोबा’ मासिक. तेही शेजारच्यांचे, नि चार घरे फिरून, कोपरे दुमडून आलेले. चिरंजीव लहान असताना रशियात छापलेली मराठी पुस्तके प्रदर्शनात स्वस्त मिळत. तशी दोन-तीन मी आणली होती. पण खरे सांगायचे तर त्यातले एकही मी त्याला रात्री जवळ घेऊन वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही. त्याच्या आजीने दाखवली असतील. मला वेळ कुठे होता?

मी फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरीला होते. सकाळी आठ चोवीसची गाडी. ती चुकली की सहीच्या पुस्तकावर लाल रेघ. तीन लाल रेघा झाल्या की अर्ध्या दिवसाची रजा गेली. त्यामुळे पहाटे पाचपासून माझ्या तोंडात एकच मंत्र असे. ‘आटप!’ दूध पी, आटप. दप्तर भर, आटप. मोजे घाल, आटप रे बाबा, आटप! आमच्याकडे घड्याळ होते, पण त्याची टिकटिक कुणाला ऐकू येत नसे, इतका माझा घोष मोठा होता. आणि देवाने मला मूल दिले होते ते जात्याच रेंगाळे. एक मोजा पायात नि दुसरा हातात धरून हा खिडकीशी उभा. काय बघतोस? तर समोरच्या तारेवर थेंब ओळीने सरकतायत!

आता जे सांगते ते सांगू की नको, असा विचार मी बरेच दिवस करत होते.

१९९२ चा जुलै महिना. चिरंजीव सात वर्षांचे, दुसरीत. त्या दिवशी दिरांना नोकरी लागल्याचे पत्र आले होते, म्हणून सासूबाईंनी शेवयांची खीर केली होती. शाळा साडेपाचला सुटायची. चालत दहा मिनिटांचा रस्ता. मी सात वाजता चिखल तुडवत घरी पोचले, तर सासूबाई दारात उभ्या, नि मुलाचा पत्ता नाही. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरची चाळ दिसू नये. दीर छत्री घेऊन शाळेकडे धावले. हे अजून कचेरीतून यायचे होते. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय काय येऊन गेले, ते ज्यांना मुले आहेत त्यांना सांगायला नको.

साडेसातला स्वारी आली. नखशिखांत भिजलेली. दप्तरातून पाणी गळतेय, एका पायात बूट नाही, गुडघे काळे.

‘कुठे होतास?’

‘कुठे नाही.’

‘मग उशीर का झाला?’

‘असाच.’

त्या ‘असाच’ने माझे भान सुटले. मी त्याच्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली. तोवर मी त्याला कधी तशी मारली नव्हती नि पुढेही मारली नाही. ‘आज जेवायचं नाही. अंग पूस नि झोप.’ तो रडलासुद्धा नाही. कोपऱ्यात गेला, अंग पुसले नि भिंतीकडे तोंड करून पडला. घरात खीर होती, आनंदाचे पत्र आलेले होते, नि त्या रात्री आम्ही चौघे एक अक्षर न बोलता जेवलो. सासूबाई मला एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. उलट, ‘तू दमली आहेस, पड जा. भांडी मी आवरते,’ असे म्हणून त्यांनी मला आत पाठवले. मला वाटले, त्या माझ्यावर रागावल्या आहेत.

ती थप्पड मी बत्तीस वर्षे मनात बाळगली. मुलगा शिकला, मोठा झाला, परदेशी गेला. पण विमानतळावर त्याला निरोप देतानासुद्धा मला त्याचा तो गाल दिसला. त्याच्यापाशी हा विषय मी कधी काढला नाही. धीरच झाला नाही.

आता पुन्हा छकुलीकडे येते. ऑगस्टातल्या एका रात्री ती कस्टर्डपाशी झोपली नाही. डोळे टक्क उघडे! तिसऱ्या दिवसाची गोष्ट मला पुरती सांगावी लागली. चौघांनी केक संपवला, रेंगाळ्या उपाशी झोपला. पुस्तक मिटणार तोच प्रश्न आला.

‘आजी, त्याच्यासाठी का नाही ठेवला?’

मी गप्प. खरेच, का नाही ठेवला? गोऱ्या साहेबाच्या मुलखात शिस्त म्हणजे शिस्त, असे एक उत्तर होते. त्यानेही आधी दोनदा भावंडांसाठी ठेवले नव्हते, असे दुसरे होते. पण आपल्या घरांत उशिरा येणाऱ्याची वाटी झाकून ठेवायची असते. मग तो कितीही गुन्हेगार असो! ज्या घरात झाकलेली वाटी नाही, ते घर मला तरी मुलाला सांगता येईना. मी पुस्तक पुन्हा उघडले, शेवटचे पान निरखल्यासारखे केले नि म्हटले, ‘अगं, हे मी वाचायचंच विसरले. आईनं एक तुकडा बाजूला काढला होता. वाटीखाली झाकून, फळीवर. रेंगाळ्या झोपला ना, तेव्हा तिनं हळूच त्याला उठवलं नि भरवला.’

‘बाकीच्यांना न सांगता?’

‘अगदी न सांगता.’

छकुलीने सुस्कारा सोडला, कुशीवर वळली नि दोन मिनिटांत झोपली.

मी दिवा मालवून वळले, तर दारात चिरंजीव उभे. केव्हापासून ऐकत होते, कोण जाणे. हसत होते. म्हणाले, ‘आई, ही तर आजीची खीर झाली!’

‘कसली खीर?’

‘शेवयांची. तो नाही का, बूट हरवला त्या दिवशी. आजीनं रात्री उठवलं मला नि मोरीपाशी बसवून अंधारात खीर दिली. भांड्याचा आवाज करू नको म्हणाली, तुझी आई आत्ताच झोपलीये.’

मी तिथेच खुर्चीवर बसले. मग स्वयंपाकघरात येऊन त्याने सगळे सांगितले. शाळेच्या वाटेवर एका वाण्याचे दुकान होते. त्याच्या मागे एक फुटका सिमेंटचा नळ पडलेला होता, नि त्यात कुत्री व्यायली होती. सात पिले. आठवडाभर हा रोज सुटल्यावर तिथे पाच मिनिटे बसून घरी येत होता. त्या दिवशी पावसाने गटार तुंबले नि नळात पाणी शिरायला लागले. याने एकेक पिलू काढून दुकानाच्या मागच्या ओट्यावर ठेवले. सहा निघाली. सातवे आत जाऊन बसलेले, ते काही केल्या बाहेर येईना. त्याच्यासाठी अर्धा तास गेला, नि बूट गटारात वाहून गेला. कोणते काळे, कोणते पांढरे, कुणाचा कान मोडका, हे सगळे त्याला त्या दिवशीसुद्धा बोटांवर मोजून सांगता येत होते.

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तू तिकडे जायचं बंद केलं असतंस.’

यावर मला काही बोलता येईना, कारण ते शंभर टक्के खरे होते. शेवटी बत्तीस वर्षे घशात अडकलेले मी एकदाचे बोलून टाकले. ‘मी तुला मारलं रे त्या दिवशी.’

त्याने कपाळाला आठी घातली. आठवून पाहिले. ‘मारलंस? असेल. मला नाही आठवत. पिलं आठवतात. नि खीर.’

तो खरे बोलला की आईला बरे वाटावे म्हणून बोलला, ते मला आजही सांगता यायचे नाही. आपला मुलगा इतका मोठा झाला, की त्याचे मन वाचायची सोय उरत नाही. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्या थपडेपेक्षा सासूबाईच अधिक आठवल्या. भांडी मी आवरते, असे त्या का म्हणाल्या, ते मला बत्तीस वर्षांनी उमगले. मुलासमोर त्यांनी माझा शब्द मोडला नाही. मला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या नाहीत. पातेल्यात वाटीभर खीर ठेवली नि वर झाकण घातले, बस्स. २००३ साली त्या गेल्या. जाईपर्यंत त्यांनी ते झाकण माझ्यापुढे कधी उघडले नाही. मी मात्र इतकी वर्षे समजत होते की, त्या रात्री त्या माझ्यावर रागावल्या होत्या.

पुढे काय झाले, तेही सांगते. एक दिवस मला ताप आला, म्हणून गोष्ट सूनबाईंनी वाचली. इंग्रजीत, जशीच्या तशी. थोड्या वेळाने त्या पुस्तक हातात घेऊन माझ्या खोलीत आल्या. चेहरा गंभीर. ‘आई, जरा दाखवता का? ती वाटी कुठल्या पानावर आहे? छकुली म्हणतेय, मी पान गाळलं.’

मी चोर सापडावा तशी सापडले. सगळा इतिहास सांगितला. सूनबाई शिस्तीच्या आहेत. छापलेल्या गोष्टीत आपल्या पदरचे घालायचे नाही, असा त्यांचा कटाक्ष. पण त्या थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिल्या नि म्हणाल्या, ‘राहू दे ती वाटी. मीपण ठेवीन.’ आता इंग्रजीतही त्या पिलाला केक मिळतो, असे मी ऐकते. लोरीबाई मला क्षमा करोत. त्यांच्या दीड कोटी प्रतींत एवढी एकच वाटी जास्त झाली!

ऑक्टोबरात मी परत आले. येताना विमानतळाच्या वाटेवर चिरंजीवांनी त्याच पुस्तकाची एक नवी प्रत माझ्या पिशवीत टाकली. आतल्या रेघेवर छकुलीने माझ्यासाठी ‘आजी’ असे लिहिले होते. ‘जी’ची वेलांटी भलत्याच बाजूला गेली होती.

तिचे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात, नि हिवाळ्यात साडेसहा. आठवड्यातून दोनदा ती फोनवर दिसते. उशी, पांघरूण, नि पांघरुणातून बाहेर आलेले नाक. मी इकडे चष्मा लावून पुस्तक उघडते. तिला चित्रे दिसावीत म्हणून फोनसमोर एकेक पान उलटे धरते, नि गोष्ट मात्र पाठ म्हणते. टेकडी येते, सुरवंट येतो, खीर येते. बहुतेक वेळा कस्टर्डच्या आतच तिकडचे डोळे मिटतात. कुणीतरी हळूच दिवा मालवते. मी लगेच फोन ठेवत नाही. अंधारात काही दिसत नाही, पण श्वास ऐकू येतो. पूर्वी याच वेळी मी डब्यात पोळ्या भरत असे, नि घरभर माझे ‘आटप, आटप’ चाललेले असे.

मग मी पुस्तक मिटते नि चहाला आधण ठेवते. तोवर हे फिरायला निघालेले असतात. दारातल्या स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधतात. पंचाहत्तरी उलटलेली, त्यामुळे नाडी बांधायला पाच मिनिटे तरी लागतात. त्यात मध्येच थांबून कुंडीतल्या जास्वंदीला कळी आली का, ते बघणार. माझ्या ओठांवर जुना शब्द येतो.

‘आटपा—’

आणि मग मी चहावर झाकण ठेवते.